रेडिएटर काळा का असतो?

उष्णतेच्या धड्याखाली एक प्रश्न हमखास भेटतो. 'शास्त्रीय कारणे द्या : मोटारीचा रेडिएटर काळ्या रंगाने रंगवलेला असतो.' उत्तरही ठरलेले आहे. काळा पृष्ठभाग उष्णतेचे चांगले उत्सर्जन करतो, म्हणून रेडिएटर काळा रंगवला की इंजिन लवकर थंड होते. विद्यार्थी हे दोन ओळींत लिहितो, शिक्षक पूर्ण गुण देतात आणि गाडी पुढे जाते.

या उत्तराचा पहिला भाग बहुतांशी खरा आहे. दुसरा भाग मात्र तपासून पाहावा असा आहे. एखाद्या वस्तूवर रंगाचा हात फिरवल्याने तिचे थंड होणे बदलते का, हा प्रश्न दोनशेहून अधिक वर्षे जुना आहे. त्याची उत्तरे वेगवेगळ्या लोकांनी वेगवेगळ्या वस्तूंवर प्रयोग करून शोधली, आणि ती सगळी एकसारखी नाहीत. ती का नाहीत, हे समजून घेतले तर 'शास्त्रीय कारणे द्या' या प्रश्नात खरोखरच शास्त्र येईल, असे आम्हाला वाटते.

सुरुवात करावी लागते ती काउंट रम्फर्डपासून. याचे मूळ नाव बेंजामिन थॉम्पसन. जन्म १७५३ चा, अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्समधला. पुढे इंग्लंडमध्ये आणि नंतर बव्हेरियाच्या राजदरबारी त्याने मोठी पदे मिळवली. म्युनिकच्या कारखान्यात तोफांना भोके पाडताना निर्माण होणारी अमाप उष्णता पाहून 'उष्णता हा पदार्थ नसून गती आहे' असा निष्कर्ष त्याने १७९८ साली मांडला, तो प्रसंग बहुतेक पुस्तकांत असतो. पण बव्हेरियाच्या सैन्याची जबाबदारी अंगावर असल्याने सैनिकांचे कपडे, स्वयंपाकाच्या चुली, घरातल्या शेकोट्या अशा अगदी रोजच्या गोष्टींवरही त्याने मनापासून काम केले होते, ही बाजू सहसा सांगितली जात नाही.

कपडा उष्णता कशी अडवतो हे मोजण्यासाठी रम्फर्डने पितळेची दोन सारखी नळकांडी घेतली. दोन्हींत गरम पाणी आणि तापमापक. एक नळकांडे लख्ख घासलेले, उघडे. दुसऱ्यावर तलम लिननचे कापड घट्ट बसवलेले. कापड गुंडाळलेले नळकांडे अधिक वेळ गरम राहील, अशी कोणाचीही अपेक्षा असणार. झाले उलटेच. कापडातले नळकांडे आधी निवले. उघड्या नळकांड्याला तेवढेच अंश खाली यायला जवळजवळ दीडपट वेळ लागला. मग रम्फर्डने पितळेवर व्हार्निशचा हात दिला, मेणबत्तीच्या काजळीने ते काळे केले. प्रत्येक वेळी लेप दिलेले भांडे उघड्या, चकचकीत भांड्यापेक्षा लवकर थंड झाले. हे सगळे त्याने १८०४ साली रॉयल सोसायटीपुढे मांडले.

लेप म्हणजे धातूवर चढवलेले एक जादा पांघरूण. ते उष्णतेच्या वाटेत आडवे यायला हवे. मग त्याने वाट मोकळी कशी केली? उत्तर असे, की उष्णतेला भांड्यातून बाहेर पडण्याच्या वाटा एकापेक्षा जास्त असतात. भांड्याला लागून असलेली हवा तापून वर जाते आणि तिच्या जागी थंड हवा येते, हे अभिसरण. शिवाय भांड्याचा पृष्ठभाग स्वतःच चहूकडे उष्णता किरणांच्या रूपात फेकत असतो, हे प्रारण. घासलेला धातू हे दुसरे काम फार कंजूषपणे करतो. काजळी, व्हार्निश, कापड हे पदार्थ ते सढळ हाताने करतात. लेपाने जो अडथळा आणला तो नगण्य होता आणि त्याने जी दुसरी वाट उघडली ती मोठी होती.

त्याच वर्षी, १८०४ मध्ये, स्कॉटलंडच्या जॉन लेस्लीने उष्णतेवरचा आपला ग्रंथ प्रसिद्ध केला. शाळेच्या प्रयोगशाळेत कधी काळी असणारा 'लेस्लीचा घन' तो हाच. पत्र्याचा पोकळ घन, आत गरम पाणी, आणि चारी बाजू वेगवेगळ्या. एक चकचकीत, एक काजळी फासलेली, एकीवर कागद, एकीवर काच. समोर पत्र्याचा अंतर्वक्र आरसा आणि त्याच्या नाभीशी लेस्लीने स्वतः घडवलेला भेददर्शी तापमापक. नळीने जोडलेल्या दोन काचेच्या गोळ्या, नळीत रंगीत द्रव. एका गोळीतली हवा तापली की द्रव सरकतो. घन फिरवून एकेक बाजू आरशासमोर आणायची आणि द्रव किती सरकला ते वाचायचे. उपकरण इतके साधे, की आजही एखादी हौशी शाळा ते बनवू शकेल.

काजळीचे उत्सर्जन १०० धरले तर लेस्लीला लिहिण्याच्या कागदासाठी ९८, काचेसाठी ९०, आणि कल्हई केलेला पत्रा, चांदी, तांबे, सोने यांसाठी अवघे १२ असे आकडे मिळाले. गंजून मळकट झालेल्या शिशाचा आकडा ४५ आला, स्वच्छ केलेल्या शिशाचा १९.

हे आकडे पुन्हा वाचावेत. काजळी १००, कागद ९८! एक काळीकुट्ट, दुसरा पांढराशुभ्र. काच तर पारदर्शक, तरी तिचा आकडा ९०. 'काळे ते चांगले उत्सर्जक' हा नियम जिथून आला असे आपण समजतो, त्याच तक्त्यात तो नियम अपुरा असल्याचा पुरावा आहे. फरक काळ्या-पांढऱ्याचा नव्हता. फरक होता उघडा, घासलेला धातू आणि बाकी सगळे यांच्यातला.

पण लेस्लीला प्रारण म्हणजे नेमके काय ते उमगले नव्हते. उष्णता हवेतल्या स्पंदनांमधून जाते असे तो मानी. रम्फर्ड आणि त्याच्यात कोणी आधी काय केले यावरून वादही झाला. रॉयल सोसायटीने रम्फर्डच्याच देणगीतून सुरू झालेले रम्फर्ड पदक लेस्लीला दिले, हा त्यातला गमतीचा भाग. रम्फर्डने तर आपल्या प्रयोगांवरून पांढरे कपडे अंगातली उष्णता कमी फेकतात असा निष्कर्ष काढला आणि उतारवयात पॅरिसच्या थंडीत तो पांढरा पोशाख घालून हिंडे, असे म्हणतात. लेस्लीच्या तक्त्यातल्या कागदाकडे त्याने नीट पाहिले असते तर शिंप्याचे पैसे वाचले असते.

कागद आणि काजळी सारखी का, याचे उत्तर मिळायला बराच काळ जावा लागला. विल्यम हर्शेलने १८०० साली सूर्याच्या वर्णपटात तांबड्याच्या पलीकडे डोळ्यांना न दिसणारे उष्ण किरण शोधले होते. १८५९ मध्ये किरखॉफने दाखवले, की जो पृष्ठभाग एखाद्या तरंगलांबीचे प्रारण चांगले शोषतो तोच त्या तरंगलांबीचे प्रारण चांगले फेकतो. यातले 'त्या तरंगलांबीचे' हे शब्द फार महत्त्वाचे, आणि नेमके तेच वर्गात गळून पडतात. आपला डोळा ०.४ ते ०.७ मायक्रॉन या पट्ट्यातला प्रकाश पाहतो. ९० अंश सेल्सियसला असलेली वस्तू सर्वांत जास्त प्रारण फेकते ते ८ मायक्रॉनच्या आसपास. डोळ्याला पांढरा दिसणारा कागद किंवा पांढरा तैलरंग ८ मायक्रॉनला जवळजवळ काळाच असतो. घासलेला धातू मात्र दोन्हीकडे आरशासारखा वागतो. तेव्हा डोळ्याला दिसणाऱ्या रंगावरून गरम पाण्याच्या भांड्याचे उत्सर्जन ठरवणे म्हणजे माणसाच्या शर्टावरून त्याचा रक्तगट ओळखण्यासारखे आहे. पुढे १८७९ मध्ये स्टीफनने प्रयोगांवरून आणि १८८४ मध्ये बोल्टझमनने सिद्धान्तावरून निरपेक्ष तापमानाच्या चौथ्या घाताचा नियम दिला, आणि किती चौरस मीटरमधून किती वॅट बाहेर पडतील याचा हिशेब मांडता येऊ लागला.

आता रेडिएटरकडे येऊ. मोटारीच्या नव्हे, घराच्या. आपल्याकडे घर तापवायची गरज फारशी पडत नसल्याने ही वस्तू आपल्याला अपरिचित, पण शब्दाचा जन्म तिच्यापासून आहे. सेंट पीटर्सबर्गमध्ये कारखाना काढलेल्या फ्रान्झ सान गाल्लीने १८५५ च्या सुमारास खोली तापवण्याचे बिडाचे रेडिएटर बनवले. तळघरातल्या बॉयलरमधून वाफ किंवा गरम पाणी नळांनी खोल्याखोल्यांत न्यायचे आणि तिथे बिडाच्या उभ्या पोकळ खांबांच्या रांगेतून फिरवायचे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीला युरोप-अमेरिकेतल्या शहरी घरांत हे रेडिएटर सर्रास दिसू लागले.

बीड ओबडधोबड दिसते. गृहिणींना ते झाकावेसे वाटे, म्हणून त्यावर सोनेरी ब्राँझ रंग किंवा चंदेरी ॲल्युमिनियम रंग देण्याची चाल पडली. रंग दिल्यावर खोली पूर्वीसारखी तापत नाही, अशी शंका येऊ लागली. इथे प्रश्न केवळ कुतूहलाचा नव्हता. किती मोठा रेडिएटर बसवायचा आणि किती कोळसा जाळायचा हे त्यावर ठरणार होते, आणि हिवाळ्यात उणे तापमान असणाऱ्या शहरात खोली पाच अंशांनी गार राहणे ही साधी तक्रार नसते.

मिशिगन विद्यापीठातले जॉन आर. ॲलन यांनी या प्रश्नाला प्रयोगाने भिडायचे ठरवले. एकाच प्रकारच्या रेडिएटरवर वेगवेगळे लेप देऊन त्यांनी मोजणी केली. ॲल्युमिनियम आणि तांब्याच्या ब्राँझ रंगांनी उष्णता सुमारे चौथाईने घटली. पांढरे एनॅमल मात्र उघड्या बिडाच्या बरोबरीचे निघाले. विटकरी एनॅमल तर किंचित सरस. अनेक थर दिले तरी परिणाम ठरतो तो सर्वांत वरच्या थराने, हेही दिसून आले. म्हणजे चंदेरी रंग खरवडायची गरज नाही, त्यावर कुठल्याही साध्या रंगाचा एक हात मारला की काम झाले. १९२७ मध्ये इलिनॉय विद्यापीठात सेव्हर्न्स यांनी तीन खांबांच्या रेडिएटरवर केलेल्या मोजणीतही साधा करडा व काळा रंग उघड्या बिडाइतकाच ठरला. ॲल्युमिनियम रंगाने मात्र घट आली ती सुमारे नऊच टक्के.

चौथाई आणि नऊ टक्के हा फरक चुकीमुळे पडला, असे समजायचे कारण नाही. रेडिएटरची ठेवण बदलली की उत्तर बदलते. भिंतीवर सपाट बसवलेल्या एका पत्र्याचा विचार करू. तो १०० अंशांना आणि खोली २० अंशांना असेल, तर साध्या रंगाच्या पृष्ठभागातून चौरस मीटरला सहाशेच्या वर वॅट प्रारणाने जातात, आणि आपोआप वर जाणाऱ्या हवेबरोबर पाचशेच्या आसपास. इथे प्रारणाचा वाटा निम्म्याहून जास्त, तेव्हा पृष्ठभाग चंदेरी केला तर मोठा फटका बसणार. पण खांब तीन-तीन ओळींत दाटीने उभे केले, की आतले खांब एकमेकांकडेच पाहत राहतात. एकाने फेकलेली उष्णता दुसऱ्यावर पडते आणि दुसऱ्याची पहिल्यावर. खोलीला मिळते ते फक्त बाहेरच्या कडांचे प्रारण. बाकीचे काम हवा करते, आणि हवेला खांबाच्या रंगाशी काही कर्तव्य नसते. तेव्हा दाटी जितकी जास्त, तितका रंगाचा परिणाम कमी. हे सूत्र ध्यानात ठेवावे. मोटारीपाशी गेल्यावर ते लागणार आहे.

रंगाच्या थराचे शास्त्र अधिक काटेकोरपणे तपासले ते विल्यम कोब्लेंट्झ यांनी. अमेरिकेच्या मानक संस्थेतले हे शास्त्रज्ञ अवरक्त मोजणीतले त्या काळचे अधिकारी पुरुष. ताऱ्यांची उष्णता मोजण्यापर्यंत त्यांची मजल होती. १९२४ मध्ये ह्यूज यांच्यासह त्यांनी उष्णतेचे उत्सर्जन वाढवणाऱ्या व घटवणाऱ्या रंगांवर निबंध प्रसिद्ध केला. त्यात तंबू आणि उन्हासाठी लावायच्या कापडी छतांचा विचार होता. कापडाच्या खालच्या बाजूला ॲल्युमिनियम रंग दिला की तापलेले छत खाली बसलेल्यांवर कमी उष्णता फेकते. ॲल्युमिनियम रंगात धातूचे बारीक चपटे कण असतात. रंग वाळताना ते पृष्ठभागाशी खवल्यांसारखे आडवे पसरतात आणि वरून धातूचेच आवरण तयार होते. म्हणून तो रंग असूनही काहीसा धातूसारखा वागतो.

मोटारीच्या रेडिएटरचा इतिहास मात्र वेगळ्या वाटेने गेला. कार्ल बेन्झच्या १८८६ च्या तीनचाकी गाडीत पाणी थंड करायची सोयच नव्हती. इंजिनाभोवतीचे पाणी उकळून वाफ होऊन जाई आणि चालक नवे ओतत राही. १८८८ मध्ये बेर्था बेन्झ दोन मुलांना घेऊन मानहाइमहून फॉर्झहाइमला शंभरेक किलोमीटर गेल्या, तो मोटारीचा पहिला लांबचा प्रवास. वाटेत त्यांना पुनःपुन्हा थांबून पाणी भरावे लागले. पुढे वेग आणि ताकद वाढली तसे हे परवडेना. डाइमलरच्या कारखान्यातल्या विल्हेल्म मायबाख यांनी १८९७ मध्ये नळ्यांचा शीतक बनवला आणि १९००-०१ च्या ३५ अश्वशक्तीच्या मर्सिडीज गाडीसाठी तो मधमाश्यांच्या पोळ्यासारखा केला. ६ मि.मी. चौरस छेदाच्या ८,०७० आखूड नळ्या एकमेकींना जोडून एक आयताकृती ठोकळा केलेला. नळ्यांमधून वारा जाई, नळ्यांच्या मधल्या चिंचोळ्या फटींतून पाणी. मागे पंखा. गाडीला लागणारे पाणी ९ लिटरवर आले.

मायबाख यांनी काय साधले ते पाहा. ठोकळा होता तेवढाच ठेवून हवेला भिडणारा पृष्ठभाग त्यांनी प्रचंड वाढवला. ८,०७० नळ्यांपैकी एकीचीही आतली बाजू बाहेरच्या जगाला 'दिसत' नाही. प्रत्येक भिंतीसमोर दुसरी तितकीच गरम भिंत. बिडाच्या खांबांची दाटी इथे टोकाला पोचली आहे. ही रचना प्रारणासाठी नाहीच, ती वाऱ्यासाठी आहे. जर्मन भाषेत या वस्तूला 'क्यूलर' म्हणतात, म्हणजे थंड करणारा, आणि ते नाव चोख आहे. इंग्रजी आणि फ्रेंच लोकांनी खोलीतल्या रेडिएटरचे नाव मोटारीच्या नाकाला चिकटवले, आपण ते इंग्रजीतून उचलले आणि नावाबरोबर प्रारणाचा समजही घरी आणला. मराठीत 'शीतक' रूढ झाला असता तर वरचा प्रश्न कदाचित कोणी काढलाच नसता.

आता आकड्यांत बोलू. लहान मोटारीच्या रेडिएटरचे तोंड समजा अर्धा मीटर रुंद आणि ४० सें.मी. उंच आहे. पुढची-मागची मिळून ०.४ चौरस मीटर. पाणी ९० अंश, बाहेरची हवा ३०. पृष्ठभाग आदर्श काळा मानला तरी स्टीफनच्या नियमाने चौरस मीटरला सुमारे ५०० वॅट, म्हणजे एकूण २०० वॅट प्रारणाने जातील. खरे तर मागच्या तोंडासमोर गरम इंजिन असते, त्यामुळे एवढेही नाही. दुसरीकडे, घाट चढताना ३० किलोवॅट शक्ती देणारे इंजिन पाण्यात जवळजवळ तेवढीच उष्णता ओतत असते. तीस हजार वॅटपैकी दोनशे, म्हणजे शेकडा एकालाही कमी. सगळे प्रारण बंद पडले तरी काटा जेमतेम हलेल. उरलेले नव्याण्णव टक्क्यांहून अधिक काम वारा करतो.

त्या दोनशे वॅटचेही श्रेय रंगाला देता येत नाही. दाढीच्या पात्यांची चवड हातात धरून धारेच्या बाजूने पाहावी. एकेक पाते आरशासारखे, पण चवड काळी मखमल वाटते. दोन धारांमध्ये शिरलेला प्रकाश भिंतींवर आपटत आत जातो, प्रत्येक वेळी थोडा शोषला जातो आणि परत येत नाही. रेडिएटरच्या पातळ पत्र्यांच्या फटींचे असेच होते. जो चांगला शोषतो तो चांगला फेकतो, हा किरखॉफचा नियम लावला तर न रंगवलेल्या रेडिएटरचे तोंडही प्रारणाच्या दृष्टीने बऱ्यापैकी काळे ठरते. त्यावर काळा रंग म्हणजे काळ्यावर काळे.

मग रंगाने नुकसान होते का? हे थराच्या जाडीवर आहे. फवाऱ्याने दिलेला थर मिलिमीटरच्या चाळिसाव्या भागाइतका, २५ मायक्रॉन धरू. रंगाची उष्णतावाहकता धातूच्या मानाने फार कमी, मीटरला अंशामागे ०.२ वॅट. ऐकायला भयंकर वाटते. पण पत्र्यावरून वाहणाऱ्या हवेचा चिकटून राहणारा थर याहून कितीतरी मोठा अडथळा असतो. हिशेब केला तर रंगाचा अडथळा हवेच्या अडथळ्याच्या एक टक्का भरतो. सोडून द्यावा इतका.

कुंचल्याने घरगुती तैलरंगाचे दोन जाड हात दिले तर मात्र गोष्ट निराळी. थर ०.२ मि.मी. झाला तर अडथळा आठ टक्क्यांवर जातो. त्याहून वाईट म्हणजे दोन पत्र्यांमधली फट. ती मुळात २ मि.मी. असेल तर दोन्ही बाजूंच्या रंगाने १.६ उरते. संथ प्रवाहात फटीतून जाणारी हवा फटीच्या रुंदीच्या घनाच्या प्रमाणात असते, म्हणून तेवढ्याच दाबाला हवा जवळजवळ निम्मी होते. गाडीत जाळी, पंखा, इंजिनाची खोली असे इतर अडथळेही असल्याने प्रत्यक्षात घट इतकी नसेल, पण ती जाणवण्याइतकी असेल. शिवाय रंगाचे थेंब खालच्या कडेला साचून काही फटी पूर्णच बुजतात. तेव्हा रंगाने रेडिएटर बिघडतो तो उष्णता अडवल्याने कमी आणि वारा अडवल्याने जास्त. फटींत बसलेला चिखल, धूळ आणि किडे हेच करतात. बोअरचे जड पाणी वर्षानुवर्षे घातल्याने नळ्यांत आतून बसणारा क्षार तर पाण्याचीच वाट बुजवतो. घाटात बॉनेट उघडून उभ्या असलेल्या गाडीच्या दुखण्याचे मूळ यांतच शोधावे.

आता मूळ प्रश्न. मग तो काळा का? जुने रेडिएटर पितळेच्या नळ्या आणि तांब्याच्या पत्र्यांचे असत, शिसे-कथलाच्या डाकाने जोडलेले. रस्त्यावरचे पाणी, चिखल आणि थंड देशांत बर्फ वितळवायला टाकलेले मीठ यांपासून सांधे वाचवायला एक पातळ लेप लागे. त्याने डाकाचे ठिगळही झाकले जाई. काळा रंग स्वस्त, आणि जाळीच्या मागे काळी वस्तू नजरेत भरत नाही. एवढेच. १९७० च्या दशकापासून ॲल्युमिनियमचे रेडिएटर वाढत गेले, आणि आज त्यांतले पुष्कळसे कारखान्यातून न रंगवताच, चंदेरी असे बाहेर पडतात. काळ्या रंगाने इंजिन वाचत असते तर इंधनाच्या थेंबाथेंबाचा हिशेब करणाऱ्या कारखानदारांनी तो सोडला नसता.

म्हणून रंग सगळीकडेच निरुपयोगी, असा उलट निष्कर्षही काढू नये. जिथे पंखा नाही आणि उघडा पृष्ठभाग बाहेर पाहतो, तिथे तो कामाचा आहे. ध्वनिवर्धकाच्या मागे ॲल्युमिनियमच्या पट्ट्या काळ्या ॲनोडाइझ केलेल्या असतात. तिथे काळा रंग नव्हे, तर ॲनोडाइझिंगने आलेला ऑक्साइडचा थर काम करतो. खांबावरच्या रोहित्राला चंदेरी रंग दिला तर ते ऊन कमी शोषते, पण स्वतःची उष्णताही कमी फेकते. पांढरा किंवा फिका करडा रंग या दोन्ही बाबतींत बरा. आणि हवाच नसेल तर? आंतरराष्ट्रीय अवकाश स्थानकाला यंत्रांची सगळी उष्णता अखेर प्रारणानेच बाहेर टाकावी लागते. नावाप्रमाणे वागणारे हेच खरे रेडिएटर, आणि ते पांढरे आहेत. सूर्यप्रकाशाला पांढरे, ८-१० मायक्रॉनला जवळजवळ काळे. लेस्लीचा कागद तिथवर पोचला आहे.

हे वर्गात दाखवायचे असेल तर सारख्या आकाराचे तीन पत्र्याचे डबे पुरतात. एक घासून लख्ख करावा, एकाला काजळी लावावी, एकाला पांढरा तैलरंग. तिन्हींत ७० अंशांचे पाणी सारख्या मापाने भरून, लाकडी फळीवर एकमेकांपासून हातभर अंतरावर ठेवून, दर दोन मिनिटांनी तापमान लिहावे. खोलीतली हवा स्थिर हवी, खिडक्या बंद. काळा आणि पांढरा डबा जवळजवळ बरोबर उतरतील आणि लख्ख डबा बराच मागे राहील. आमच्या हिशेबाने सुरुवातीला काळ्या डब्याच्या बाजूंमधून उष्णता जाण्याचा वेग लख्ख डब्याच्या जवळपास दुप्पट यावा. मग पुन्हा तेच पाणी, तेच तापमान, पण या वेळी टेबलपंख्याचा वारा तिन्ही डब्यांवर सारखा पडेल असा सोडावा. तिन्ही डबे झपाट्याने निवतील आणि त्यांच्यातला फरक वीस टक्क्यांच्या आसपास येईल. पंखा जितका जोरात, तितका तो आणखी कमी. दोन्ही वेळचे आलेख एकाच कागदावर काढून घ्यावेत. डब्यांना झाकणे लावायला मात्र विसरू नये. उघड्या पाण्याच्या बाष्पीभवनाने इतकी उष्णता जाते, की रंगाचा फरक त्यात बुडून जाईल.